एक मिनिट आधीचे ठोके

१

पासपोर्ट ड्रॉवरमध्ये नव्हता.

मे महिन्यातला शुक्रवार, दुपारचे दोन. संध्याकाळी साडेसातला शिकागोहून झुरिकचं विमान होतं. आणि मी नेपरव्हिलच्या आमच्या घरात, जिन्यावरच्या टेबलापुढे, आदल्या दिवशी धुतलेल्या ओलसर कार्पेटवर फतकल मारून बसले होते. ड्रॉवर उलटा केला. कुपनं निघाली, जुने चष्मे निघाले, माझ्या नवऱ्याचा, संजयचा, कॉलेजातला मिशीवाला फोटोसुद्धा निघाला. माझा निळा पासपोर्ट काही निघाला नाही.

ल्युसर्नचा बेत माझा. पन्नासावा वाढदिवस त्या तळ्याकाठी करायचा, हे मी दोन वर्षं घोकत होते. हातानं लिहिलेली वही केली होती. कोणत्या दिवशी छपराचा लाकडी पूल, कोणत्या दिवशी कड्यात कोरलेला सिंह, कोणत्या बोटीनं कुठं उतरायचं, सगळं. शेवटच्या पानावर जुन्या तटबंदीवरचा घड्याळाचा बुरूज. त्या घड्याळाला एक मान आहे. गावातल्या बाकी घड्याळांच्या एक मिनिट आधी ठोके द्यायचा. ते सगळ्यांत जुनं, म्हणून. मला बुरुजाखाली उभं राहून ते ठोके ऐकायचे होते आणि मग एक मिनिट थांबून बाकीच्यांचे. वहीच्या पानांचे फोटो मी बरोबर येणाऱ्या मैत्रिणींना, नेत्रा आणि मोनाला, पाठवून ठेवले होते, पाठ करा म्हणून.

मोना इथंच जन्मलेली, चौतीस वर्षांची, दातांच्या दवाखान्यात काम करते. आमची ओळख ढोलपथकातली. नेत्राची गोष्ट वेगळी. सतरा वर्षांपूर्वी आम्ही एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायचो. एकीची कणीक संपली की दुसरीकडे वाटी जायची, आणि वाटी कधी रिकामी परत यायची नाही. पुढे घर आम्ही आधी घेतलं, त्यांनी नंतर. ग्रीन कार्ड आमचं आधी आलं. मॅनेजर मी आधी झाले. हे मी काही मुद्दाम मोजलेलं नाही, लक्षात राहिलंय इतकंच.

साडेचारला मी रडत नेत्राला फोन लावला. त्या दोघी विमानतळावर पोचल्या होत्या.

"अगं, मिळतच नाहीये!"

"नीट शोध. घाबरू नकोस," नेत्रा म्हणाली. मागे अनाउन्समेंट चालू होत्या, कसली तरी झिप ओढल्याचा आवाज आला. "इथं माझी बॅग ओव्हरवेट झालीये यार, तीच उपसतेय. तू– एक मिनिट थांब."

ती गप्प झाली. मी फोन कानाला लावून हुंदके देत होते.

"काही नाही," ती परत बोलायला लागली. "मोना बोलावतेय. तू शोध. असेल तिथेच."

पासपोर्ट सापडला नाही. तातडीनं नवा काढायची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारची मिळत होती आणि गुरुवारी तर त्या दोघी परत येणार होत्या. पण कालच दुपारी ऑनलाइन चेक-इन करताना पासपोर्ट माझ्या हातात होता. तो घराबाहेर गेला नव्हता, याची मला खात्री होती. म्हणजे घरातल्याच कोणीतरी तो हलवला होता.

२

त्या सहा दिवसांबद्दल थोडक्यात सांगते, कारण जास्त सांगितलं तर माझीच शोभा होईल.

रोज सकाळी फोनवर फोटो यायचे. पुलाच्या छताखालच्या तिकोनी चित्रांपाशी नेत्रा. पाण्यातल्या अष्टकोनी मनोऱ्यापुढे नेत्रा. हंसांना न्याहाळणारी नेत्रा. मी ठरवलेल्या कोपऱ्यात, मी ठरवलेल्या बाकावर, मी लिहून ठेवलेल्या वेळेला. मी प्रत्येक फोटोला लाल बदाम पाठवायचे आणि मग ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन उभी राहायचे. मला जळजळ होत होती, अगदी छातीत. ती थंडीनं आजारी पडावी, असंही एकदा मनात आलं. खोटं कशाला बोलू?

त्या दोघी परतल्यावर शनिवारी एडिसनहून सुहासिनी मावशी आली. माझ्या आईची धाकटी बहीण, लेकीकडे असते. नागपुरात विमा कंपनीत एकतीस वर्षं तिनं आगीचे क्लेम तपासले. आग खरी की लावलेली, हे ती राखेकडे बघून सांगायची. मी तिला सगळं सांगितलं. तिनं नुसतं "हं" केलं.

रविवारी दुपारी आमच्याकडे फोटो बघायचं ठरलं होतं. नेत्रा मोनाच्या अर्धा तास आधी आली. बुट्टीएवढा माझा लाल इलेक्ट्रिक कुकर तिच्या हातात होता. प्रवासात भात करता यावा म्हणून तो न्यायचं मीच सुचवलं होतं. तिची बॅग मोठी म्हणून तो तिच्या बॅगेत जायचा होता. आत मी आंबेमोहराची पिशवी आणि मेतकुटाची पुडी भरून ठेवली होती.

"काय कामाला आला गं तुझा कुकर!" नेत्रा म्हणाली. "रोज रात्री हॉटेलच्या रूममध्ये गरम भात. अ‍ॅडॉप्टर लावला की झालं." तिनं झाकण काढलं. आत चॉकलेटं होती. भांडं रिकामं परत करायची सवय तिला नाहीच.

संजयनं एक चॉकलेट तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्याला हिंगाचा वास येतोय का? फोडणी दिल्यासारखं लागतंय."

"स्विस चॉकलेट आहे, तुला काय कळणार," मी म्हटलं.

मोना आली, टीव्हीवर फोटो सुरू झाले. पहिला विमानतळावरचा, मोनाचा सेल्फी. "हे काय बघायचंय, पुढे घे," नेत्रा म्हणाली. मोनानं पुढे घेतलं. पूल आला. मी न राहवून बोललेच, की हा पूल १९९३ मध्ये जळला होता आणि बरीच जुनी चित्रं त्यात गेली.

"तुला सगळंच माहीत असतं," नेत्रा म्हणाली. ती हसत होती, म्हणून मीही हसले.

सोमवारी सकाळी मी कुपन शोधायला जिन्यावरचा ड्रॉवर उघडला. वरच माझा पासपोर्ट होता.

३

"मी हा ड्रॉवर अकरा वेळा उलटा केलाय मावशी! आत्ता कुठून आला?"

मावशीनं पासपोर्ट घेतला. आधी उघडला नाही, नाकाशी नेला. मग चष्मा लावून कडेच्या शिवणीत नखाचं टोक फिरवलं. तिच्या नखाला पिवळसर भुकटी लागली.

"काल वरच्या मजल्यावर कोण कोण गेलं?"

"सगळेच. खालच्या बाथरूमचा फ्लश बिघडलाय नं. संजय, मोना, नेत्रा."

"म्हणजे तिघं," मावशी म्हणाली. "आणि तुझा संशय कोणावर आहे?"

मी एका दमात सांगितलं. संजय. 'बायकोचा पन्नासावा वाढदिवस नवऱ्याशिवाय' म्हणून तो महिनाभर धुसफुसत होता. नाहीतर मोना. हॉटेलात तळ्याकडची खोली मी आणि नेत्रा घेणार होतो, मोनाला मागची, पार्किंगकडे बघणारी. मी गेले नाही आणि मोनाला तळं मिळालं.

"आणि नेत्रा?"

"नेत्राला काय कमी आहे? ती कशाला जळेल माझ्यावर? जळतेय ती मी."

मावशीनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "एकतीस वर्षांत मी एक शिकली, विनू. ज्याच्या घराला आग लागते त्याला शेजारची आग कधी दिसत नाही. संजयला बोलाव."

४

संजय लॅपटॉप घेऊनच स्वयंपाकघरात आला. मावशीनं त्याला चहा दिला आणि विचारलं, "गुरुवारी संध्याकाळी, निघायच्या आदल्या दिवशी, तू काय केलंस?"

"काही नाही. वर्क फ्रॉम होम. विनीता आयब्रो करायला गेली होती. नेत्रा कुकर न्यायला आली, तो दिला, झालं."

"तू दिलास?"

"हो. ओट्यावरच होता. झाकण घट्ट लावलं आणि दिला." मग तो माझ्याकडे वळला. "आणि ऐक, मी धुसफुसत होतो कारण मला यायचं होतं. तू विचारलंच नाहीस. पासपोर्ट लपवून मला काय मिळणार? सहा दिवस तुझं रडणं ऐकायला?"

तो चहा अर्धा ठेवून निघून गेला. मला लाज वाटली, पण संशयितांतला एक कमी झाल्याचं वाईटही वाटलं.

मोनाला मावशीनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मावशी, ऑनेस्टली, मला त्या व्ह्यूचं काही नव्हतं," मोना म्हणाली. "मी फुल डे बाहेरच असायचे. नेत्राताईच विंडोत बसायची. खूप क्वाएट होती ती. आय मीन, रिअली क्वाएट. मला वाटलं विनीताताईला मिस करतेय."

"आणि जेवणाचं काय केलंत, बेटा? भात?"

"भात? नो, नो. ब्रेड, चीज, एक दिवस इंडियन रेस्टॉरंट. कुकर तर आम्ही नेलाच नाही. चेक-इनला बॅग ओव्हरवेट झाली, सो नेत्राताई तो परत कारमध्ये ठेवायला गेली. पार्किंगमध्ये. वीसेक मिनिटं लागली तिला."

मी तोंड उघडलं. मावशीनं हातानं गप्प केलं.

"एक काम कर. विमानतळावरचे तुझे सगळे फोटो मला पाठव. वेळेसकट."

५

फोटो येईपर्यंत मावशीनं मला ओट्यापाशी उभं केलं.

"गुरुवारी घरात परकं कोण आलं होतं?"

"कोणी नाही." मग आठवलं. "कार्पेट धुणारे आले होते. दोन माणसं, दुपारी."

"परकी माणसं घरात आली की तू बांगड्या कुठे ठेवतेस?"

"तांदळाच्या डब्यात. आई ठेवायची तशी. त्याचं काय?"

"त्या दिवशी त्याच दुपारी तू ओट्यापाशी चेक-इन करत होतीस. पासपोर्ट हातात. बेल वाजली. मग?"

मी डोळे मिटले. ओट्यावर लॅपटॉप. बेल. बूट घातलेली दोन माणसं, मोठं मशीन. बांगड्या डब्यात टाकल्या. आणि डब्याशेजारी उघडा लाल कुकर, त्यात तांदूळ, मेतकूट...

"मावशी," मी म्हटलं. "मीच. मीच ठेवला कुकरमध्ये."

"आणि आयब्रो करून येईस्तोवर कुकर गेला. डोक्यात मात्र राहिलं, की पासपोर्ट जागच्या जागी ठेवला. कोणी चोरला नव्हता, विनू. तूच बांधून दिलास."

मी स्टुलावर बसले. क्षणभर अगदी हलकं वाटलं. म्हणजे कोणीच वाईट नव्हतं. नेत्रानं न बघता कुकर गाडीत ठेवला, सहा दिवस तो तिथं पडला, आणि...

आणि पासपोर्ट चालत जिना चढून ड्रॉवरमध्ये आला?

मावशीचा फोन वाजला. मोनाचे फोटो. मावशीनं एक मोठा केला आणि माझ्यापुढे धरला. पुढे दात दाखवणारी मोना. मागे, वजनकाट्याशेजारी, उघड्या बॅगेपाशी उकिडवी बसलेली नेत्रा. फोन खांद्यानं कानाशी दाबलेला, गुडघ्यावर लाल कुकर, झाकण हातात. वेळ चार चौतीस.

मी माझ्या फोनमधला कॉल बघितला. चार तेहेतीस.

कुकरमध्ये काय आहे ते फोटोत दिसत नव्हतं. नेत्राचा चेहरा दिसत होता.

६

दुसऱ्या दिवशी चारला मावशीनं नेत्राला चहाला बोलावलं. नेत्रा डब्यातून नारळाच्या वड्या घेऊन आली. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

मावशीनं वाटीभर तांदूळ धुतले, लाल कुकरमध्ये घातले, पाणी ओतलं आणि पिन भिंतीत लावली. लाल दिवा लागला.

"छान चालतो," मावशी म्हणाली. "हीच तर भानगड आहे नं, नेत्रा."

"म्हणजे?"

मावशीनं कुकरच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवर बोट ठेवलं. "हा एकशेवीस व्होल्टचा. अमेरिकेपुरता. स्वित्झर्लंडमध्ये दोनशेतीस, आपल्या नागपुरात असतात तेवढे. अ‍ॅडॉप्टरनं पिनेचा आकार बदलतो, विजेचा जोर नाही बदलत. अमेरिकेहून आलेल्या पोरानं आईला दिलेल्या टोस्टरपायी एक अख्खं स्वयंपाकघर जळालेलं मी पाहिलंय. ह्यात तिथं एकदा जरी भात लावला असता, तर हा आज जिवंत नसता."

मी हबकले. कुकर न्यायचं डोकं माझंच. मी गेले असते तर पहिल्याच दिवशी हॉटेलात काळोख केला असता.

"मग चॉकलेटं," मावशी पुढे म्हणाली. "रोज शिजवलेलं, रोज घासलेलं भांडं. त्यात ठेवलेल्या चॉकलेटला हिंगाचा वास का लागावा? कारण मेतकुटाची पुडी त्यात सांडली होती आणि भांडं कोणी विसळलंच नव्हतं. तेच मेतकूट पासपोर्टच्या शिवणीत. कुकर गाडीत राहिला, हे मोनाला माहीत होतं. म्हणून रोजच्या भाताची गोष्ट तू मोना यायच्या आत सांगितलीस. कुकर विमानतळावर उघडला होता, हे विनूला कळू नये म्हणून."

तिनं फोटो टेबलावर ठेवला.

नेत्रानं तो उचलला नाही. कुकरमधलं पाणी गुरगुरायला लागलं होतं.

"चार चौतीस," मी म्हटलं. "विमान साडेसातला. पाऊण तासाचा रस्ता. तू नुसतं 'ये' म्हणाली असतीस, नेत्रा. मी रडत होते तुझ्या कानात."

"हो."

"का?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "हे घर मला सापडलं होतं, विनीता. आठवतं? ओपन हाऊसची, घर विकायची पाटी मला दिसली होती. मी तुला नुसतं सोबत म्हणून घेऊन आले होते, रविवारी. सोमवारी तुम्ही ऑफर दिलीत."

"मी तुला सांगणार होते."

"कधी?"

मंगळवारी सांगणार होते. सही झाल्यावर.

"तेव्हापासून सगळंच तुझं आधी," नेत्रा म्हणाली. "आणि तू प्रत्येक वेळी पेढे घेऊन यायचीस, आणि मी प्रत्येक वेळी ते गोड मानून खायचे. त्या दिवशी तुझा पासपोर्ट माझ्या हातात होता. मी तुला म्हटलं, एक मिनिट थांब. खरंच एकच मिनिट हवं होतं मला. मग सांगणारच होते. पण त्या मिनिटात मनात आलं, की एक गाव, फक्त एक गाव, तुझ्याआधी मी बघावं."

"मग बघितलंस?"

"बुरुजाखाली गेले होते. एकटी. ठोके पडले. मी घड्याळ लावून उभी राहिले. एक मिनिटानं खालच्या गावातली बाकीची घड्याळं वाजायला लागली." तिचा आवाज फुटला. "आणि सगळा वेळ माझ्या डोक्यात तुझ्या वहीतली वाक्यं चालली होती. तुझ्याच अक्षरात. पूल बघितला तर तुझं वाक्य, सिंह बघितला तर तुझं. तू आली नव्हतीस, तरी तिथं तूच आधी पोचली होतीस."

कुकरचा खटका पडला. भात झाला होता. नेत्रा उठली आणि मागल्या दारानं निघून गेली. वड्यांचा डबा तसाच राहिला.

७

मावशीनं भात वाढला. मी चिवडत बसले.

"पोलिसांत द्यायचं काही नाही यात," ती म्हणाली. "चोरी नाही, जाळपोळ नाही. ती एक मिनिट गप्प बसली, इतकंच."

"आणि मी दोन दिवस गप्प बसले होते. घराच्या वेळी."

"ते तुझं तू बघ. मी आगीचे क्लेम बघत होती," मावशी म्हणाली आणि लोणचं मागितलं.

नऊ दिवस तो डबा माझ्या ओट्यावर होता. मी त्यातल्या वड्या खाल्ल्या नाहीत आणि फेकल्याही नाहीत. संजय येता-जाता एकेक तोंडात टाकायचा, अशा त्या संपल्या. मग डबा रिकामा झाला आणि मला खूप बरं वाटलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी तो तसाच परत करणार होते. धुऊन, पुसून, रिकामा. तिनं झाकण उघडावं आणि तिला कळावं. डबा गाडीत ठेवला, किल्ली फिरवली, आणि माझ्याच ड्राइव्ह-वेमध्ये गाडी बंद करून बसून राहिले. समोर आमचं घर होतं. पांढरं दार, दोन खिडक्या, मेपलचं झाड. रविवारी पहिल्यांदा ते बघताना नेत्रानं माझा दंड किती घट्ट धरला होता, ते मला त्या क्षणापर्यंत कधी आठवलं नव्हतं.

मी परत आत गेले. लाल कुकर लावला. गरम भात डब्यात भरला, वर मेतकूट घातलं, तूप सोडलं आणि झाकण लावलं. राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही. ल्युसर्नचे फोटो मी अजून उघडत नाही.

तिच्या घरापुढे गाडी लावली. सहा पायऱ्या आहेत. मी त्या चढताना काय बोलायचं ते जुळवत होते, 'आधी मी सांगते' इथपर्यंत आले होते. डबा डाव्या हातात घेतला, उजवा हात बेलकडे नेला.

बेल वाजवायच्या आधीच नेत्रानं दार उघडलं.